लहान प्रतिमा मोठ्या करताना : यंत्राचा अंदाज आणि मूळ पुरावा

जुने ग्रंथ, नियतकालिकांचे अंक, शिलालेखांचे ठसे आणि छायाचित्रे यांच्या संगणकीय प्रतिमा आज अनेक विहारांच्या ग्रंथालयांत आणि अभ्यासकांच्या संग्रही साठत चालल्या आहेत. त्यांपैकी पुष्कळ प्रतिमा आकाराने फार लहान असतात. काही मोबाइलवरून एकाकडून दुसऱ्याकडे आलेल्या असतात, तर काही मंद गतीच्या इंटरनेटच्या काळात मुद्दाम लहान करून ठेवलेल्या असतात. पडद्यावर त्या बऱ्या दिसतात. परंतु छापावयास किंवा बारीक अक्षर वाचावयास घेतल्या की सारे धूसर होऊन जाते. अशा शेकडो प्रतिमा एका दमात मोठ्या आणि रेखीव करून देणाऱ्या ऑनलाइन सेवा आता उपलब्ध आहेत. एखादी छोटी संगणकीय आज्ञावली, जिला संगणकाच्या परिभाषेत स्क्रिप्ट म्हणतात, लिहून दिली की रात्रीतून संपूर्ण संग्रह या सेवेकडून मोठा होऊन परत येतो.

सोय मोठी आहे, यात शंका नाही. तथापि ज्यांना या प्रतिमांचा उपयोग अभ्यासासाठी करावयाचा आहे, त्यांनी तीन प्रश्नांची उत्तरे आधी समजून घेतली पाहिजेत. प्रतिमा मोठी होते म्हणजे नेमके काय होते? त्यात दिसणारा नवा तपशील कोठून येतो? आणि हे काम करावयाचेच असेल, तर ते कोणत्या शिस्तीने करावे? प्रस्तुत लेखात याच क्रमाने विचार केला आहे.

१. प्रतिमेतील बिंदू

संगणकातील प्रतिमा म्हणजे रंगीत चौकोनी बिंदूंची जाळी होय. या बिंदूला पिक्सेल असे म्हणतात. प्रत्येक पिक्सेलला एकच रंग असतो. त्याच्या आत आणखी काही दडलेले नसते. ६ इंच रुंद व ९ इंच उंच पृष्ठ इंचाला १०० बिंदू या प्रमाणात टिपले, तर ६०० गुणिले ९००, म्हणजे ५ लक्ष ४० हजार पिक्सेल मिळतात. तेच पृष्ठ इंचाला ३०० बिंदूंनी टिपले, तर १८०० गुणिले २७००, म्हणजे ४८ लक्ष ६० हजार पिक्सेल मिळतात. बिंदूंची घनता तिप्पट केली की माहिती नऊपट होते.

याचा अक्षरावर होणारा परिणाम पाहावा. छापील अक्षर इंचाच्या दहाव्या हिश्शाएवढे उंच असेल, तर पहिल्या प्रतिमेत त्या अक्षराच्या वाट्याला उंचीत केवळ १० पिक्सेल येतात आणि दुसरीत ३०. तळटीपांचे टाइप याहून लहान असतात. त्यांच्या वाट्याला पहिल्या प्रतिमेत पाच-सहा पिक्सेलच येतात. एवढ्यात देवनागरी अक्षराचा दंड आणि शिरोरेषा कशीबशी मावते. अनुस्वाराचा बिंदू, जोडाक्षरातील अर्धा वर्ण, अक्षराच्या डोक्यावरील लहानशी गाठ हे सर्व एका पिक्सेलमध्ये, कधी तर अर्ध्या पिक्सेलमध्ये विरघळून जाते. टिपताना जे हरवले ते त्या प्रतिमेत नसते. हे पुढील साऱ्या विवेचनाचे मूळ आहे.

येथे एक सामान्य गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. अनेक संगणकीय साधनांत ‘इंचाला बिंदू’ ही संख्या ७२ वरून ३०० करता येते. केवळ ही संख्या बदलल्याने प्रतिमेत एकाही बिंदूची भर पडत नाही. छापताना ती प्रतिमा कागदावर किती जागा व्यापील, एवढीच सूचना त्याने बदलते.

२. गणिताने भरणे आणि शिकून भरणे

६०० गुणिले ९०० पिक्सेलची आपली प्रतिमा चौपट करावयाची आहे, असे समजू. रुंदी २४०० आणि उंची ३६०० होईल. एकूण पिक्सेल ८६ लक्ष ४० हजार होतील. मूळ पिक्सेल मात्र ५ लक्ष ४० हजारच आहेत. याचा अर्थ असा की नव्या प्रतिमेतील दर १६ पिक्सेलांमागे एका पिक्सेलएवढीच मूळ माहिती आहे. उरलेले १५ कोणत्या तरी रीतीने भरावे लागतात. ते कसे भरावयाचे, यावरून दोन प्रकारच्या पद्धती निर्माण झाल्या आहेत.

पहिला प्रकार निव्वळ गणिती आहे. सर्वांत सोप्या पद्धतीत जवळच्या पिक्सेलचाच रंग शेजारच्या रिकाम्या जागांत भरला जातो. त्यामुळे प्रतिमेत पायऱ्या-पायऱ्या दिसतात. त्याहून सुधारलेल्या पद्धतीत भोवतालच्या ४ पिक्सेलांची सरासरी काढली जाते. १९८० च्या दशकापासून रूढ झालेल्या ‘बायक्युबिक’ पद्धतीत भोवतालच्या १६ पिक्सेलांचा विचार होतो आणि रंगांचे वळण गुळगुळीत होते. या पद्धतींचे सूत्र ठरलेले असते. प्रतिमेत बुद्धमूर्ती आहे, वर्तमानपत्र आहे की आंब्याचे झाड आहे, याची त्यांना खबर नसते. म्हणूनच त्यांनी वाढविलेली प्रतिमा धूसर राहते. पण जेथे माहिती नाही तेथे ती धूसर दिसते, हा त्यांचा प्रामाणिकपणाही आहे.

दुसरा प्रकार कृत्रिम बुद्धिमत्तेचा आहे. २०१४ साली मज्जातंतूंच्या जाळ्यावरून कल्पिलेल्या, ‘न्यूरल नेटवर्क’ नावाच्या गणिती रचनेने प्रतिमा मोठी करण्याचा ‘एसआरसीएनएन’ हा प्रयोग प्रसिद्ध झाला. २०१८ चे ‘ईएसआरगॅन’ आणि २०२१ चे ‘रिअल-ईएसआरगॅन’ हे याच मार्गावरील पुढचे टप्पे होत. या रचनेला शिकविण्याची रीत अशी असते : स्वच्छ, मोठी छायाचित्रे घ्यावयाची, ती मुद्दाम लहान व धूसर करावयाची, आणि लहान प्रतिमेवरून मोठी प्रतिमा परत घडवावयास यंत्राला लावावयाचे. जेथे चुकेल तेथे त्याच्या आतील आकडे थोडे बदलावयाचे. हा क्रम असंख्य वेळा चालला की यंत्राला एक प्रकारची सवय लागते : असा धूसर पट्टा दिसला की तेथे बहुधा भिंतीची कड असते, असा करडा ठिपका दिसला की तेथे बहुधा डोळा असतो.

‘बहुधा’ या शब्दातच सर्व मर्म आहे. एकाच लहान प्रतिमेमागे अनेक वेगवेगळ्या मोठ्या प्रतिमा असू शकतात. त्या सर्व लहान केल्या तर तीच एक लहान प्रतिमा मिळेल. यंत्र त्यांपैकी एक निवडते, आणि ही निवड त्याने पूर्वी पाहिलेल्या प्रतिमांवर अवलंबून असते. रिअल-ईएसआरगॅनच्या शिक्षणासाठी ‘डिव्ह-टू-के’ हा प्रतिमासंच वापरला गेला. त्यात शिकविण्यासाठी ठेवलेल्या प्रतिमा ८०० आहेत आणि त्या निसर्ग, इमारती, प्राणी, माणसे अशा सर्वसाधारण विषयांच्या आहेत. त्याच्या जोडीला वापरलेले संचही अशाच सामान्य छायाचित्रांचे होते. देवनागरी टाइप, ब्राह्मी शिलालेख अथवा शिसपेनीने लिहिलेले जुने पत्र ओळखण्याचे शिक्षण या यंत्राला वेगळेपणाने मिळालेले नाही. अक्षराच्या जागी ते अक्षर वाचत नाही. अक्षरासारखी दिसणारी एक रेखीव आकृती काढते.

३. एका बिंदूने काय बिघडते

पालीच्या अभ्यासकाला याचे गांभीर्य दोन-चार शब्दांतच पटेल. देवनागरीत ‘भ’ आणि ‘म’ यांतील भेद डाव्या अंगाच्या गाठीचा आणि शिरोरेषेच्या खंडाचा आहे. पालीत ‘मग्ग’ म्हणजे मार्ग आणि ‘भग्ग’ म्हणजे मोडलेला. ‘ध’ आणि ‘घ’ यांतील भेदही असाच सूक्ष्म आहे. ‘धम्म’ शब्दाचा अर्थ सांगावयास नको, परंतु ‘घम्म’ हाही पालीतील खरा शब्द असून त्याचा अर्थ उष्णता किंवा उन्हाळा असा आहे. ‘वत’ म्हणजे व्रत, आणि ‘बत’ हे खेद वा आश्चर्य दाखविणारे अव्यय. १० पिक्सेल उंचीच्या धूसर अक्षरात यांपैकी कोणते अक्षर आहे हे सांगता येत नाही, आणि तसे सांगता येत नाही हे वाचणाऱ्याच्या ध्यानातही येते. यंत्राने वाढविलेल्या प्रतिमेत मात्र ‘भ’ किंवा ‘म’ लख्ख उभा राहतो. वाचणाऱ्याची शंकाच नाहीशी होते. धोका येथे आहे.

मूळ त्रिपिटकाच्या वाक्यात असा घोटाळा झाला, तर तो संदर्भावरून किंवा अन्य आवृत्त्यांवरून दुरुस्त होऊ शकतो. भिक्षू जगदीश काश्यप यांच्या संपादनाखाली नव नालंदा महाविहाराने प्रसिद्ध केलेली ४१ खंडांची देवनागरी आवृत्ती आहे. इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने छट्ठ संगायनाचा पाठ १९९० च्या दशकात संगणकीय रूपातही उपलब्ध करून दिला. त्यामुळे पडताळणीचे साधन हाताशी आहे. परंतु नालंदा आवृत्तीच्या पृष्ठांच्या तळाशी सिंहली, स्यामी, रोमन इत्यादी आवृत्त्यांतील पाठभेद बारीक टाइपात दिलेले आहेत. पाठभेदाचे मूल्यच असे की तो अपेक्षेहून निराळा असतो. नेहमीच्या अनुभवावरून अंदाज करणारे यंत्र नेमका हा निराळेपणा पुसून टाकण्याचा संभव असतो. जुन्या काळी हस्तलिखिताची नक्कल करणारा लेखनिक आपणास अनोळखी वाटलेला शब्द ओळखीच्या शब्दाने बदलून टाकीत असे. पाठचिकित्सेचे अर्धे श्रम अशा सद्‌हेतूने केलेल्या दुरुस्त्या शोधून काढण्यात जातात. प्रतिमा वाढविणारे यंत्र हा अशाच लेखनिकाचा नवा अवतार होय. फरक इतकाच की हा लेखनिक एका रात्रीत हजार पृष्ठे लिहून काढतो.

ब्राह्मी शिलालेखांच्या बाबतीत प्रश्न अधिक बिकट आहे. ब्राह्मीत ‘ठ’ हे अक्षर म्हणजे नुसते वर्तुळ, आणि ‘थ’ म्हणजे मध्ये बिंदू असलेले वर्तुळ. अनुस्वारही बिंदूनेच दाखविला जातो. दगडावर काळाच्या ओघात पडलेले खळगेही प्रतिमेत बिंदूंसारखेच दिसतात. धूसर प्रतिमेतील ठिपके ‘मळ’ समजून साफ करण्याची सवय यंत्राला लावलेली असते. मग ते अक्षराचा बिंदू पुसू शकते किंवा खळग्याला रेखीव बिंदूचे रूप देऊ शकते. कार्ले येथील चैत्यगृहाच्या स्तंभांवर धेनुकाकट येथील दात्यांचे छोटे लेख आहेत. त्यांत स्तंभ या अर्थी ‘थभो’ असा शब्द येतो. त्यातील ‘थ’चा बिंदू यंत्राने पुसला, तरी जाणकार वाचक शब्द ओळखील, कारण तो शब्द परिचित आहे. परंतु त्याच लेखात दात्याचे नाव आहे. नावाला कोश नसतो. नाव काय असावे हे तर्काने ठरविता येत नाही. ते दगडावर जसे कोरले आहे तसेच वाचावे लागते. दोन हजार वर्षांपूर्वी एका माणसाने एक स्तंभ दान दिला, एवढीच ज्याची इतिहासात नोंद आहे, त्याचे नाव एका कल्पित बिंदूने बदलले तर त्याची ती एकुलती एक नोंदही गेली.

हीच गोष्ट चेहऱ्यांची आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महास्थविर चंद्रमणी यांच्या हस्ते धम्मदीक्षा घेतली आणि उपस्थित लक्षावधी बांधवांना दीक्षा दिली. त्या काळच्या सोहळ्यांची, सभांची आणि मोर्चांची छायाचित्रे आज लहान आकारात सर्वत्र फिरत असतात. जनसमुदायाच्या छायाचित्रात मागच्या रांगेतील चेहरा जेमतेम ८-१० पिक्सेलांचा असतो. प्रशिक्षित यंत्राने ते छायाचित्र चौपट केले की त्या ठिपक्यांच्या जागी डोळे, नाक, ओठ असलेले चेहरे उमटतात. ते चेहरे त्या मैदानावर आलेल्या कोणाचेही नसतात. एखाद्या घरातील नातू त्या गर्दीत आपल्या आजोबांना शोधत असेल, तर त्याला यंत्राने दाखविलेला माणूस हा कोणाचाही आजोबा नव्हे. मूळ छायाचित्रात आजोबा निदान एक करडा ठिपका म्हणून तरी होते.

ही भीती कल्पित नाही. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० साली ‘पल्स’ नावाची पद्धत प्रसिद्ध केली. अत्यंत धूसर चेहऱ्यावरून ती रेखीव चेहरा घडवीत असे. त्या देशाचे माजी राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांचे धूसर केलेले छायाचित्र लोकांनी तिला दिले, तेव्हा तिने एका गोऱ्या माणसाचा चेहरा काढून दिला. त्या चेहऱ्याची प्रतिमा लहान केली तर ती दिलेल्या धूसर प्रतिमेशी जुळत होती. गणिताच्या दृष्टीने उत्तर चुकीचे नव्हते, माणूस मात्र दुसराच होता. या पद्धतीचा उपयोग व्यक्ती ओळखण्यासाठी करता येणार नाही, असे संशोधकांनी स्वतःच नमूद केले. २०२४ साली अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात, किंग काउंटीच्या न्यायालयाने एका खून-खटल्यात कृत्रिम बुद्धिमत्तेने वाढविलेले चलच्चित्र पुराव्यात घेण्यास नकार दिला.

अक्षरे व अंक यांच्या बाबतीतही पूर्वानुभव आहे. २०१३ साली डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाने दाखवून दिले की झेरॉक्स कंपनीची काही यंत्रे कागद टिपताना आकडेच बदलत होती. ६ च्या जागी ८ येत होता. प्रतिमा लहान जागेत साठविण्यासाठी ती यंत्रे सारख्या दिसणाऱ्या आकृत्या एकच समजून एकीच्या जागी दुसरी वापरीत होती. छापून आलेला आकडा स्पष्ट आणि सुबक असे, म्हणून चूक कोणाच्या नजरेस येत नसे. कंपनीने पुढे त्यावर दुरुस्ती प्रसृत केली. ती पद्धत कृत्रिम बुद्धिमत्तेची नव्हती. परंतु धडा तोच आहे. धूसर चूक डोळ्यांना खुपते, सुबक चूक खुपत नाही.

४. स्क्रिप्ट आणि ऑनलाइन सेवा यांचे कार्य

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. प्रदर्शनाचे फलक, पुस्तिकेचे मुखपृष्ठ, पडद्यावरील व्याख्यान अशा कामांसाठी प्रतिमा मोठी करण्यात काही गैर नाही. प्रतिमा पाच-दहा असतील तर त्या एकेक करून हाताने चढविता येतात. शेकडो असतील तर स्क्रिप्टचा आधार घ्यावा लागतो. यासाठी पायथन ही भाषा बहुधा वापरली जाते.

स्क्रिप्टचे काम एखाद्या दक्ष कारकुनासारखे असते. ती ठरलेल्या फोल्डरमधील प्रतिमांची यादी करते. एकेक प्रतिमा इंटरनेटवरून सेवेकडे पाठविते. किती पट मोठी हवी हे सोबत कळविते. सेवेच्या दूरस्थ संगणकावर काम पुरे होईपर्यंत थांबते. आणि तयार प्रतिमा उतरवून घेऊन आपल्या संगणकावर ठेवते. आपली ओळख पटविण्यासाठी सेवा एक गुप्त किल्ली, म्हणजे अक्षरांची व अंकांची एक लांब ओळ, देते. स्क्रिप्ट लिहिताना पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात.

(अ) मूळ प्रतिमांना हात लावू नये. मूळ आणि वाढविलेल्या प्रतिमांचे फोल्डर वेगळे असावेत. मूळ प्रतिमेच्याच नावाने तिच्यावर नवी प्रतिमा लिहिणारी स्क्रिप्ट कधीही चालवू नये. तिने एका रात्रीत संपूर्ण मूळ संग्रह नष्ट होतो. काम सुरू करण्यापूर्वी मूळ फोल्डरची एक प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवावी.

(आ) आधी मोजावे, मग वाढवावे. प्रत्येक प्रतिमेची रुंदी व उंची स्क्रिप्टने प्रथम तपासावी आणि ठरविलेल्या मर्यादेहून लहान असलेल्या प्रतिमाच पाठवाव्यात. ज्या आधीच पुरेशा मोठ्या आहेत त्यांना यंत्राच्या हाती देण्याचे कारण नाही.

(इ) कामाची नोंद ठेवावी. कोणती प्रतिमा, मूळ आकार किती, नवा आकार किती, कोणती सेवा, कोणती पद्धत, कोणता दिनांक, हे सारे स्क्रिप्टने एका तक्त्यात लिहीत जावे. मूळ फाइलची गणिती खूणही त्यात नोंदविता येते. ही खूण म्हणजे फाइलचा जणू अंगठ्याचा ठसा. फाइलमध्ये एक पिक्सेल जरी बदलला तरी तो बदलतो, आणि मूळ प्रत अबाधित आहे की नाही हे वर्षांनंतरही पडताळता येते.

(ई) मध्येच थांबल्यास पुढून सुरू करता यावे. वीज जाते, इंटरनेट तुटते. झालेल्या प्रतिमा ओळखून त्या वगळण्याची सोय स्क्रिप्टमध्ये नसेल, तर सारे काम पहिल्यापासून होते आणि सशुल्क सेवेचे शुल्कही दुसऱ्यांदा पडते.

(उ) सेवेची मर्यादा पाळावी. थोड्या वेळात फार मागण्या आल्या की सेवा ४२९ हा संकेत पाठविते. त्याचा अर्थ ‘जरा थांबा’ असा आहे. स्क्रिप्टने तो ओळखून काही वेळ थांबावे, पुन्हा प्रयत्न करावा, आणि प्रत्येक खेपेस थांबण्याचा काळ वाढवावा. चार-पाच प्रयत्नांनंतरही यश आले नाही तर त्या प्रतिमेची अपयशी म्हणून नोंद करून पुढे जावे.

(ऊ) किल्ली स्क्रिप्टच्या मजकुरात लिहू नये. स्क्रिप्ट इतरांना दिली जाते आणि तिच्यासोबत किल्लीही जाते. ती संगणकाच्या वेगळ्या, खाजगी जागी ठेवावी.

आणखी एक बाब तांत्रिक नसली तरी महत्त्वाची आहे. ऑनलाइन सेवेकडे प्रतिमा पाठविणे म्हणजे ती परक्या संगणकावर ठेवणे होय. ती तेथे किती काळ राहते आणि तिचा उपयोग दुसऱ्या यंत्राला शिकविण्यासाठी होतो किंवा काय, हे सेवेच्या अटींत वाचावे. कुटुंबांनी विश्वासाने दिलेली घरगुती छायाचित्रे, पत्रे व दाखले त्यांना विचारल्याशिवाय पाठवू नयेत. अशा संग्रहासाठी रिअल-ईएसआरगॅन आपल्याच संगणकावर चालविता येते. ते विनामूल्य आहे. साध्या गणिती पद्धतीने मोठे करावयाचे असेल तर ‘इमेजमॅजिक’ हे जुने आणि मुक्त साधन एका आज्ञेत संपूर्ण फोल्डरचे काम करते.

५. स्वतः करून पाहण्याची परीक्षा

एखादी सेवा आपल्या कामास योग्य आहे की नाही, हे तिच्या जाहिरातीवरून ठरवू नये. जाहिरातीत डावीकडे धूसर आणि उजवीकडे रेखीव प्रतिमा दाखवितात. परंतु खरी वस्तू कशी होती, हे वाचकाला ठाऊक नसते. येऊन स्वतः पाहावे, ही आपली जुनी शिकवण येथे अक्षरशः लागू पडते.

परीक्षा अशी करावी. ज्याचा मूळ ग्रंथ आपल्यापाशी आहे असे एक पाली पृष्ठ घ्यावे. त्यात तळटीपा असाव्यात. ते इंचाला ४०० बिंदूंनी टिपावे. मग त्याची प्रत साध्या गणिती पद्धतीने एक चतुर्थांश करावी, म्हणजे ती इंचाला १०० बिंदूंएवढी होईल. ही लहान प्रत सेवेकडे पाठवून चौपट करून घ्यावी आणि आलेली प्रतिमा पहिल्या स्वच्छ प्रतिमेशेजारी ठेवून अक्षर अन् अक्षर ताडून पाहावी. किती अनुस्वार नाहीसे झाले, किती नवे उगवले, कोणती जोडाक्षरे बदलली, हे मोजावे. शक्य तर एकाने मूळ पाहण्यापूर्वीच वाढविलेली प्रतिमा वाचून लिहून काढावी आणि दुसऱ्याने ती मुळाशी ताडावी. मूळ ठाऊक असलेल्या डोळ्यांना चूक दिसत नाही. हीच परीक्षा शिलालेखाच्या ठशावर आणि एका समूह-छायाचित्रावरही करावी. अक्षरांत उत्तम ठरलेली पद्धत चेहऱ्यांत उत्तम ठरेलच असे नाही.

६. मोठे करण्यापूर्वीचे उपाय

बहुतेक वेळा प्रतिमा वाढविण्याची गरजच नसते; गरज असते ती अधिक माहिती मिळविण्याची. त्याचे सरळ मार्ग आधी संपवावेत.

पहिला मार्ग म्हणजे पुन्हा टिपणे. मूळ ग्रंथ किंवा छायाचित्र अस्तित्वात असेल, तर ते इंचाला ४०० ते ६०० बिंदूंनी पुन्हा टिपलेली एक प्रतिमा यंत्राच्या शंभर अंदाजांहून मोलाची आहे. दुसरा मार्ग म्हणजे त्याच प्रतिमेची मोठी प्रत शोधणे. एखाद्या संस्थेच्या संकेतस्थळावर दिसते ती पुष्कळदा छोटी झलक असते आणि मोठी प्रत त्या संस्थेकडे असते. तिला लिहून विचारावे. तिसरा मार्ग शिलालेखांपुरता आहे. तिरप्या प्रकाशात, निरनिराळ्या दिशांनी उजेड पाडून घेतलेली अनेक छायाचित्रे कोरीव अक्षरांच्या कडा उघड करतात, कारण प्रत्येक दिशेला सावली वेगळी पडते. अनेक छायाचित्रांतून मिळणारी ही माहिती प्रत्यक्ष दगडाची असते. त्याचप्रमाणे एकाच वस्तूची किंचित सरकलेली अनेक छायाचित्रे एकत्र करून अधिक तपशील काढण्याच्या पद्धती आहेत. त्यांत प्रत्येक छायाचित्र काही खरी भर घालते. एकाच लहान प्रतिमेवरून केलेला विस्तार आणि हा विस्तार यांत मूलभूत भेद आहे.

हे मार्ग संपल्यावर प्रतिमा वाढविली, तर तिच्याखाली स्पष्ट लिहावे : ‘मूळ प्रतिमा इतक्या पिक्सेलांची, अमुक पद्धतीने संगणकाद्वारे वाढविलेली.’ फाइलच्या नावातही तशी खूण असावी, कारण फलकाखालची ओळ मागे राहते आणि प्रतिमा एकटीच पुढे जाते. पाठ ठरविणे, नाव वाचणे, व्यक्ती ओळखणे ही कामे मात्र वाढविलेल्या प्रतिमेवरून कधीही करू नयेत. जेथे मुळात वाचता येत नाही, तेथे आपण पाठचिकित्सेत करतो तसे करावे : कंस घालून जागा रिकामी ठेवावी.

७. सुधारणा आणि जतन

अजिंठ्याच्या भित्तिचित्रांचा इतिहास या संदर्भात आठवण्याजोगा आहे. निजाम सरकारने १९२० ते १९२२ या काळात लॉरेन्झो चेकोनी आणि त्यांचे सहकारी या इटालियन तज्ज्ञांना चित्रांच्या जतनासाठी बोलाविले. सुटू लागलेले रंगाचे पोपडे त्यांनी भिंतीला पक्के केले. हे त्यांचे काम मोलाचे होते. परंतु चित्रांवर दिलेला लाखेच्या रोगणाचा थर पुढे काळवंडून पिवळा पडला आणि मूळ रंग त्याखाली झाकले गेले. नंतरच्या पिढ्यांना तो थर काढण्यासाठी चिकाटीने श्रम करावे लागले. हेतू चांगला होता, चित्रे काही काळ उजळलीही होती. तो थर निदान काढता तरी येत होता, कारण त्याखाली चित्र होते. मूळ प्रतिमा टाकून देऊन केवळ यंत्राने वाढविलेली प्रतिमा जपली, तर तिच्याखाली पुन्हा उघडे करावयास काहीच उरत नाही.

ज्या समाजांचा इतिहास राजदरबारांनी लिहून ठेवला, त्यांच्या एखाद्या प्रतिमेत फेर पडला तरी दहा अन्य साधने उरतात. ज्यांची नोंद एखाद्या स्तंभावरील चार शब्दांत, जुन्या अंकातील वर्गणीदारांच्या यादीत किंवा गर्दीच्या छायाचित्रातील एका ठिपक्यात आहे, त्यांना दुसरा साक्षीदार नसतो. म्हणून त्या धूसर ठिपक्याची राखण अधिक काटेकोरपणे केली पाहिजे. यंत्राने मोठी केलेली प्रतिमा फलकावर खुशाल लावावी. साक्षीला मात्र मूळ प्रतिमाच बोलवावी, आणि ती जेथे गप्प असेल तेथे आपणही गप्प राहावे.